पातालपाणीची निधी-सायकलफेरी : वाट उत्तम, पावती उशिरा

देणगीची पावती माझ्या हातात पडली ती सायकलफेरीनंतर ४१ दिवसांनी, आणि तीही तीन वेळा मागितल्यावर. चौतीस वर्षे बँकेत काढल्यामुळे पावतीच्या बाबतीत माझा स्वभाव थोडा किरकिरा झाला आहे, हे आधीच मान्य करते. या फेरीविषयी चांगले लिहिण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मी लिहिणारही आहे. परंतु ज्या फेरीसाठी आपण नातलगांकडून आणि शेजाऱ्यांकडून पैसे मागून आणतो, तिची परीक्षा रस्त्यावर एकदा आणि हिशेबाच्या वहीत एकदा अशी दोनदा होते, आणि वहीतले गुण देताना मला हात आखडता घ्यावा लागला. आयोजक संस्थेचे नाव येथे मुद्दामच देत नाही. मंडळी तरुण आहेत, कष्टाळू आहेत आणि त्यांच्या हातून झालेल्या चुका अनुभवाने सुधारतील अशाच आहेत.

फेरी होती २० ऑक्टोबर २०२४ च्या रविवारी, इंदूरच्या राजेंद्रनगरातून राऊ आणि महूमार्गे पातालपाणीच्या धबधब्यापर्यंत आणि परत, मिळून ६० किलोमीटर. नोंदणीशुल्क ९०० रुपये, त्यात टी-शर्ट, नाश्ता आणि जेवण. सायकल भाड्याने हवी असल्यास ४०० रुपये वेगळे. याखेरीज प्रत्येक सायकलस्वाराने आपल्या ओळखीपाळखीतून किमान २,५०० रुपये जमवून द्यावेत अशी अट होती. शुल्कातून फेरीचा खर्च भागवायचा आणि जमवलेली रक्कम जशीच्या तशी कामाला लावायची, असा हा दोन कप्प्यांचा हिशेब होता. कागदावर तो मला फार आवडला.

काम कोणते, हेही सांगायला हवे, कारण माझ्या मते या उपक्रमातली सर्वांत शहाणी गोष्ट तीच आहे. ज्या मुलामुलींच्या गावात पुढच्या इयत्तेची सरकारी शाळा नाही आणि ज्यांना दोन किलोमीटरपेक्षा दूरच्या गावी जावे लागते, त्यांना मध्य प्रदेश शासन सहावीत आणि नववीत मोफत सायकल देते. सहावीला १८ इंची, नववीला २० इंची. सायकल मिळते, तिचे छायाचित्र निघते, आणि पहिल्या पावसाळ्यात बाभळीचा काटा टायरात घुसला की ती घराच्या भिंतीला टेकून उभी राहते. पंक्चरवाला पाच-सहा किलोमीटरवर, नवा टायर घ्यायचा तर शेतमजुराच्या घरात एका दिवसाच्या मजुरीचा प्रश्न. ही संस्था नवीन सायकली वाटत नाही. ती उभ्या राहिलेल्या सायकली पुन्हा रस्त्यावर आणते. ट्यूब, टायर, ब्रेकचे रबर, चेन, आणि वर्षातून काही वेळा गावात जाणारा एक मिस्त्री, एवढाच तिचा पसारा. वाटपाच्या समारंभात जो मान आहे तो दुरुस्तीत नाही, त्यामुळे अशा कामाला देणगी मिळणे अवघड असते.

ते किती अवघड असते, हे मला अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, पहिल्याच फोनवर दाखवून दिले. "सायकल तू चालवणार, हवा तू खाणार, मग पैसे मी का द्यायचे?" असे त्यांनी विचारले. प्रश्न उद्धट वाटला तरी बिनतोड होता, आणि कोणत्याही निधी-सायकलफेरीला त्याचे उत्तर देता आलेच पाहिजे. "अण्णा, तुम्ही मला पैसे देत नाही, त्या मुलीच्या टायराला देता, मी फक्त ६० किलोमीटर जाऊन तो टायर खरोखर आहे ना ते पाहून येते," असे मी सांगितले. त्यावर त्यांनी किलोमीटरमागे २० रुपये कबूल केले आणि वर, जेवढे चालवशील तेवढ्याचेच देईन, अर्ध्यातून गाडीत बसून आलीस तर अर्धेच, अशी अटही घातली. मराठी मध्यमवर्गाला देण्याची लाज नसते, पण मागण्याची फार असते. मलाही पहिल्या तीन फोनना घाम फुटला. किलोमीटरची ही पद्धत मात्र कामी आली, कारण मागणाऱ्याला तिच्यामुळे आपण काही करून दाखवणार आहोत असा आधार मिळतो.

दोन कप्प्यांच्या हिशेबाची कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८० मध्ये बिली स्टार नावाच्या माणसाने आपल्या आईच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूनंतर ३६ सायकलस्वार गोळा करून एक फेरी काढली आणि १०,२०० डॉलर जमवले. पॅन-मास चॅलेंज या नावाने ती फेरी आजही निघते, आणि स्वारांनी जमवलेला प्रत्येक डॉलर कर्करोग संस्थेला जातो, व्यवस्थेचा खर्च वेगळ्या मार्गाने उभा केला जातो, हे ते ठळकपणे सांगतात. राजेंद्रनगरच्या मैदानावर जमलेल्या आमच्या मंडळींची तुलना तिच्याशी करण्याचा हेतू नाही. पण पहिल्या वर्षी तेही छत्तीसच होते, एवढे लक्षात ठेवावे.

आता सकाळ. आयोजकांनी मार्ग तीनदा तपासला, रुग्णवाहिका ठेवली, मिस्त्री ठेवला, पाण्याची सोय दर दहा-बारा किलोमीटरवर केली. फक्त पंचांग पाहिले नाही. २० ऑक्टोबरला आश्विन वद्य चतुर्थी होती. म्हणजे हिंदीभाषक घरांत करवा चौथ आणि आमच्याकडे संकष्टी. करवा चौथीला पाण्याचा थेंबही घेत नसल्यामुळे कित्येक जणींनी आदल्या आठवड्यात नावे मागे घेतली, आणि ज्या उपक्रमाचा हेतू मुलींना सायकलवर बसवणे हा आहे त्याच्या आरंभरेषेवर पुरुषच पुरुष दिसू लागले. राहिलेल्या बायकांत आम्ही बऱ्याचशा मराठी होतो आणि आमच्यापैकी निम्म्या जणींना उपास होता. समोर पोह्यांची परात वाफाळत होती, त्यावर बारीक शेव, कांदा, जीरावन मसाला, शेजारी गरम जिलबी; साबूदाण्याची खिचडी मात्र नव्हती. ज्या इंदुरात राजवाड्यापाशी आणि सराफ्यात मध्यरात्रीसुद्धा साबूदाण्याची खिचडी मिळते, तिथे चतुर्थीच्या पहाटे ती नसावी, याला काय म्हणावे! मी घरून आणलेले खजूर, राजगिऱ्याची चिक्की आणि दोन केळी यांवर निघाले. त्यामुळे नाश्त्याविषयी माझे मत केवळ वासावर आधारलेले आहे. वास उत्तम होता.

भाड्याची सायकल २१ गिअरची हायब्रिड, चाकांना डिस्क ब्रेक, सोबत स्वच्छ हेल्मेट. माझ्या उंचीची फ्रेम आधी विचारून राखून ठेवली होती, आणि सीट किती वर असावी हे एका मुलाने मला पेडलवर टाच टेकवायला लावून नीट ठरवून दिले. एवढी आस्था दुकानातसुद्धा दिसत नाही. दोष दोन आढळले. मागच्या गिअरची तार सैल होती, त्यामुळे चढावर जोर लावला की चेन आपोआप दात बदलायची आणि पायाखालचे पेडल एकदम हलके व्हायचे, जे एकसष्टाव्या वर्षी गुडघ्याला मानवत नाही. दुसरे, टायरांत हवा दगडासारखी ठासून भरली होती. डांबरावर ती चालते, पण कच्च्या वाटेवर प्रत्येक खडा मनगटात येतो. पहिल्या थांब्यावर मिस्त्रीने तार ताणून दिली आणि माझ्या सांगण्यावरून थोडी हवाही सोडली. भाड्याने सायकल घेणाऱ्याने निघण्याआधीच पाच मिनिटांची चक्कर मारून गिअर तपासावेत.

पावणेसहाला निघालो तेव्हा अंधार होता. पुढचा-मागचा दिवा सक्तीचा केला होता आणि ज्यांच्याकडे नव्हता त्यांना तो दिला गेला. राऊपर्यंतचा भाग मी झटपट सांगून टाकते, कारण तो झटपट संपवण्यासारखाच आहे : मोठा रस्ता, मालमोटारी, धूर. खरी फेरी सुरू होते ती महामार्ग सोडून गावांमधल्या अरुंद डांबरी रस्त्याला लागल्यावर. साडेसहाच्या सुमारास उजाडले, आणि दोन्ही बाजूंना माळव्याची काळी माती उघडी पडली. सोयाबीन बहुतेक निघाले होते. कुठे मळणीयंत्राचा आवाज, कुठे लसणासाठी वाफे ओढलेले, कुठे गव्हासाठी नांगरून ठेवलेली ढेकळे. 'डग डग रोटी, पग पग नीर' ही माळव्याची ओळ आपण भाषणांत इतकी ऐकतो की तिचा कंटाळा येतो, पण सायकलवरून ती पुन्हा खरी वाटते, कारण सायकलचा वेग विहिरी मोजता येतील एवढाच असतो.

वाट दाखवण्यासाठी प्रत्येक वळणावर चुन्याचे बाण काढले होते. कल्पना साधी आणि स्वस्त आहे, मोबाइल बघत बसावे लागत नाही. मात्र शेतकरी सोयाबीन वाळवायला डांबरी रस्त्यावरच पसरतात, हे आयोजकांच्या ध्यानात आले नाही. महूच्या अलीकडे एका फाट्यावरचा बाण पहाटे पसरलेल्या सोयाबीनखाली गाडला गेला, आणि आम्ही सात जण सरळ पुढे गेलो. दीड किलोमीटरवर एका आजोबांनी हटकले, "बाकीचे सगळे तिकडे वळले, तुम्ही कुठे निघालात?" परत फिरलो. त्या शेंगांवरून सायकल नेऊ नये, बाजूने उतरून चालावे. एक तर चाक घसरते आणि दुसरे म्हणजे ते कुणाचे तरी वर्षाचे पीक असते. बाणाबरोबर फाट्यावर एखादा स्वयंसेवक उभा करणे, किंवा खांबावर उंच जागी खूण बांधणे, एवढे केले तरी पुरे.

महू छावणीतून जाताना रस्ता एकदम शिस्तीत येतो. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर इंग्रजांनी वसवलेली ही छावणी, तिची जुनी झाडे आणि त्यांची सावली सायकलस्वाराला वरदान आहे. डॉ. आंबेडकरांच्या जन्मस्थानावरील स्मारकाचा पांढरा घुमट दिसतो तिथे दहा मिनिटांचा थांबा होता. तो योग्य जागी ठेवला आहे, कारण पुढे चढ-उतार सुरू होतात.

पातालपाणीला माळव्याचे पठार संपते. इतका वेळ पायाखाली असलेली सपाट जमीन अचानक तुटते, चोरल नदीचे पाणी काळ्या पाषाणावरून खाली उडी घेते, आणि समोर विंध्याच्या दऱ्या एकीमागून एक उलगडत जातात. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात धबधब्यात जोर कमी पण पाणी स्वच्छ असते. फेरीसाठी हा महिना निवडणे शहाणपणाचे आहे, कारण पावसाळ्यात काळी माती मडगार्डात अशी भरते की चाक फिरत नाही. खाली डोहाकडे कुणालाही जाऊ दिले नाही, त्यावर काही तरुण कुरकुरले. मला तो नियम अगदी पटला. २०११ च्या जुलैमध्ये वरच्या अंगाला झालेल्या पावसाचा लोंढा अचानक आला आणि खाली असलेली माणसे इथे डोळ्यांदेखत वाहून गेली. इंदूरची माझ्या पिढीतली माणसे ते दृश्य विसरलेली नाहीत.

धबधब्यापाशीच रेल्वेचे छोटे स्थानक आहे आणि टंट्या मामांचे स्मारक आहे. ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फाशी गेलेल्या या भिल्ल वीराला मानवंदना म्हणून गाड्या इथे थबकत, असे लोक सांगतात. सावकारांकडून घेऊन गरिबांना वाटण्याची त्यांची निधिसंकलनाची पद्धत आमच्यापेक्षा वेगळी होती, पण पावती तेही देत नसावेत. इथून काळाकुंडपर्यंत साडेनऊ किलोमीटरचा मीटरगेज मार्ग चाळीस फुटांना एक फूट अशा उताराने दरीत उतरतो, आणि २०१८ च्या डिसेंबरपासून त्यावर पर्यटकांसाठी वारसा रेल्वे सुरू झाली. खांडवा–इंदूर हा लोहमार्ग व्हावा म्हणून तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने कर्जाऊ दिले होते. दर ठरलेला, अटी लेखी. होळकरांच्या राज्यात हिशेबाला कमीपणा मानत नसत, हे आमच्या आयोजकांनी या स्थानकावर उभे राहून आठवावे अशी माझी सूचना आहे.

पातालपाणीनंतरचा दरीच्या कडेकडेने जाणारा कच्च्या वाटेचा तुकडा हा या फेरीचा सर्वांत सुंदर भाग, आणि त्याचे श्रेय पूर्णपणे आयोजकांचे. पळस, सागवान, मधूनच उन्हात चमकणारे वाळके गवत, आणि बैलगाडीच्या दोन चाकोऱ्यांमधून जाणारी वाट. नवशिक्यांसाठी हा भाग वगळून जवळच्या रस्त्याने जाण्याची मुभा होती, ती सांगितलीही होती. मागची गाडी शेवटच्या स्वाराला कधीही सोडत नव्हती. ज्याच्या टायरात काटा गेला त्याचे पंक्चर मिस्त्रीने दहा मिनिटांत काढले आणि पैसे विचारले तर हसून नाही म्हणाला.

त्या वाटेच्या शेवटी एका गावातल्या सरकारी शाळेच्या अंगणात दुरुस्तीचे शिबिर होते. रविवार असूनही मुली सायकली घेऊन आल्या होत्या. घेऊन म्हणजे ढकलत किंवा उचलून. नववीतल्या एका मुलीच्या सायकलचा मागचा टायर बाजूने फाटला होता आणि आठवीतल्या धाकट्या भावाला सोबत घेऊन ती साडेचार किलोमीटर पायी शाळेत जात होती. किती दिवसांपासून, असे विचारले तर तिने दिवस न सांगता 'होळीपासून' असे सांगितले. मिस्त्रीने टायर चढवला, ट्यूब टाकली, ब्रेकचे रबर बदलले, आणि मग तिलाच पंप हातात देऊन हवा भरायला लावली. टायर कसा काढायचा, काटा बोटांनी कसा शोधायचा, पाण्यात बुडवून बुडबुडा कुठे येतो ते कसे पाहायचे, हे तो प्रत्येक मुलीकडून करून घेत होता, आणि शाळेत एक पंप व पंक्चरची पेटी ठेवून जाणार होता. छायाचित्रे काढण्याची घाई कुणी केली नाही. पैसे देणाऱ्याने आणि ते ज्याच्यासाठी दिले त्याने एकाच अंगणात उभे राहावे, आणि तरीही कुणाला अवघडल्यासारखे होऊ नये, हे मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे.

जेवणात दाल-बाफले (बाफले म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे), चटणी आणि लाडू होते, असे कळते. माझ्याबरोबरच्या कुलकर्णी काकांनी चार बाफले तुपात बुडवून खाल्ले आणि परतीचे पंचवीस किलोमीटर मागच्या गाडीतून पार पाडले. परतीच्या फेरीआधी बाफले वाढणे हा स्वारांवर केलेला प्रेमळ अन्याय आहे; वरण-भात पुरला असता. मी ताक आणि शेंगदाण्याचा लाडू घेऊन दोनच्या सुमारास राजेंद्रनगरात पोहोचले. मीटरवर ६३ किलोमीटर.

आता वही. माझ्या आठ देणगीदारांपैकी सात जणांनी बँकेमार्फत पैसे दिले. आठव्या बाईंकडून एका स्वयंसेवकाने ३,००० रुपये रोख घेतले, आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला आयकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम ८०-जी खाली उत्पन्नातून मुळीच वजावट मिळत नव्हती, हे त्याने त्यांना सांगितले नाही, कारण त्यालाच ते ठाऊक नव्हते. ९०० रुपयांच्या शुल्कावरही वजावट मिळेल असे काही जणांना तोंडी सांगण्यात आले. ज्याच्या बदल्यात टी-शर्ट आणि जेवण मिळाले ती देणगी नव्हे. शिवाय ज्यांनी नवी करप्रणाली निवडली आहे त्यांना ही वजावट नसतेच. संस्थेने आयकर खात्याला विवरण पाठवून देणगीदारांना १०-बीई हे प्रमाणपत्र द्यायचे होते आणि त्याला वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंतची मुदत होती, ते मला मान्य आहे. पण साधी, क्रमांक घातलेली पोचपावती त्याच दिवशी द्यायला कोणती मुदत लागते?

पावतीबरोबर खर्चाचा तक्ताही आला, तो मी दोनदा वाचला. ट्यूब, टायर, चेन, पंप यांच्या नोंदी स्वच्छ, दुकानाच्या बिलांसह. मिस्त्रीचा प्रवासखर्च मात्र 'इतर' या शीर्षकाखाली घातला होता. खर्च योग्यच आहे, मिस्त्री काही उडत जात नाही; परंतु 'इतर' हा शब्द तपासनिसाला जसा दिसतो तसा तो देणगीदारालाही दिसतो, आणि ज्या कप्प्यातून 'एक पैसाही इकडेतिकडे जाणार नाही' असे सांगितले होते त्याच कप्प्यात तो दिसल्यावर अधिकच दिसतो. मी तसे लिहून कळवले. चार दिवसांत सुधारलेला तक्ता आला, मिस्त्रीच्या फेऱ्यांच्या तारखा आणि गावांसह, आणि रोख घेतलेल्या रकमेबद्दल त्या बाईंना फोन करून खुलासाही करण्यात आला. अण्णांनी १,२६० रुपये दिले. चुकलेल्या वाटेचे ६० रुपये देऊ नका, असे मी म्हटले तर म्हणाले, "चालवलीस ना? मग धर."

शुल्क, सायकल आणि सोयी पाहता १,३०० रुपयांत एवढी वाट इंदुरात दुसरे कुणी दाखवत नाही, म्हणून मी पुढच्या फेरीसाठीही नाव दिले. ती त्यांनी १६ फेब्रुवारी २०२५ च्या रविवारी ठरवली होती. मी कालनिर्णय उघडले तर पुन्हा संकष्टी. कळवल्यावर तारीख २३ झाली. त्या दिवशी दशमी होती, एकादशी दुसऱ्या दिवशी. पोह्यांविषयी वेगळे लिहीन.